तुझी सही मागे घेताना

मेलेल्या माणसाच्या सहीवर एखादं यंत्र चालू करता येतं का? वाचणाऱ्यांनो, हा प्रश्न तुम्हाला आहे. कायदा काय म्हणतो ते मी शोधून घेईन, ते मला तुमच्याकडून नको. समजा, त्या यंत्राशेजारी तुमच्या घरचं माणूस उभं राहणार आहे. ज्या बाईनं 'हे चालेल' म्हणून सही केली, तिनंच मरायच्या आदल्या दिवशी 'हे चालणार नाही' असं म्हटलं होतं. कागदावर मात्र पहिलंच वाक्य आहे. तुम्ही काय कराल? लवकर ठरवा. यंत्र परवा, गुरुवारी सकाळी चालू होणार आहे.

शैलाताई, हे सगळं तुझ्यामुळं आहे, म्हणून आता तुझ्याशीच बोलतो.

तुला जाऊन आज सोळा दिवस झाले. तेराव्याला टेंभुर्णीत तुमच्या अंगणात माणसं मावत नव्हती. आत्या प्रत्येकाला एकच सांगत होती, "एवढ्या मोठ्या कंपनीत माझ्या लेकीच्या सहीबगर काई हालत न्हवतं." बायका माना हलवत होत्या. मी भिंतीला टेकून बसलो होतो आणि शर्टाच्या आत, पोटाशी, तुझी निळी वही होती. आत्यानं ते वाक्य म्हटलं की दर वेळी मी वही आणखी दाबून धरायचो. तिला वाटत होतं, ती तुझा मान सांगतेय. मला ऐकू येत होतं की तुझी सही अजून कामावर जाते आहे.

मला असं घाबरलेलं तू कधी पाहिलं नव्हतंस. तुझा मामेभाऊ पत्रकांवर वाढलेला. कुंभार पिंपळगावच्या आठवडी बाजारात बाबा पत्रकं वाटायचे, मजुरीची, रेशनची, पाण्याची, आणि मी त्यांच्या मागं गठ्ठा घेऊन फिरायचो. अक्षरंही मी त्यातूनच शिकलो. त्यामुळं उद्गारचिन्ह हाच माझा पूर्णविराम होता. कॉलेजसाठी जालन्याला तुझ्याकडं राहायला आलो, तेव्हा बॅगेत कपड्यांपेक्षा कागद जास्त. पहिल्याच आठवड्यात तू माझं नवं पत्रक वाचलंस, कानामागची पेन्सिल काढलीस आणि एका शब्दाभोवती गोल केलास.

"'भयंकर' म्हंजी किती?"

"भयंकर म्हणजे भयंकर, ताई."

"एकक लिही. न्हाई तर खोड."

तेव्हापासून मी तुझ्यासाठी 'पत्रकराव' झालो. "काय पत्रकराव, आज कोणाला जागं करून राह्यलात?" असं दारातूनच विचारायचीस. मी चिडायचो आणि संध्याकाळपर्यंत तो गोल केलेला शब्द गुपचूप खोडायचो. हे तुला कधी सांगितलं नाही. आज सांगतो. माझ्या लिखाणात जेवढं खरं आहे, त्यातलं निम्मं तुझ्या पेन्सिलीनं उरवलेलं आहे.

तू दिवसभर त्या कारखान्यात करतेस काय, हे मी एका रविवारी सकाळी विचारलं होतं. शीतपेयाची रिकामी बाटली घेतलीस, तिचं बूड कापलंस, उलटी धरलीस आणि आत भांडी घासायच्या स्टीलच्या तीन घासण्या कोंबल्यास. एका डबीच्या झाकणाला तापल्या सुईनं भोकं पाडून ते वर बसवलंस. मग कपड्यांची नीळ पाण्यात कालवून हळूहळू ओतलीस. पाणी सगळ्या भोकांतून सारखं उतरलं, घासण्यांच्या तारातारांवर निळे थेंब चमकले.

"हा आमचा कॉलम," तू म्हणालीस. "चार मजली घराएवढा उंच. आत अशाच चुण्यांचे पत्रे भरलेले, त्याला आम्ही पॅकिंग म्हणतो. खालून वाफ वर जाती, वरून सॉल्व्हंट, म्हंजी पेट घेणारं रसायन, मिसळलेलं पाणी खाली येतं. पत्र्याच्या ओल्या अंगावर दोघं एकमेकाला शिवतात. तिथं सॉल्व्हंट वाफेबरोबर वर पळतं, पाणी खाली उतरतं. एवढंच."

"आणि तुझं ते कॉम्प्युटरवरचं मॉडेल?"

"आत न उतरता सांगायचं, कुठल्या उंचीवर किती सॉल्व्हंट उरलं असंल. तीन गोष्टींचा गुणाकार. किती जागा ओली हाय, किती वेगानं ओलांडतंय, आन् ओलांडायची ओढ किती हाय."

मग तू भोकांपैकी निम्मी कणकेनं बुजवलीस आणि तेवढंच पाणी परत ओतलंस. या वेळी पाणी एका कडेनं सरळ खाली गेलं. मधल्या घासण्या कोरड्या ठणठणीत.

"पाणी तेवढंच. घासण्या तेवढ्याच. खाली पडलं बी तेवढंच. वरून किती घातलं आन् खाली किती आलं, एवढंच मोजनाऱ्याला काय कळंल?"

"काहीच नाही."

"मंग कळायला काय करायला पाह्यजे?"

"कापून बघावं लागेल."

"उघडून, पत्रकराव. कापायला काय वैर हाय का?"

आपण हसलो होतो. ती बाटली तू फेकली नाहीस, सिंकखाली ठेवून दिलीस. का ठेवलीस कोण जाणे.

त्याच दिवशी आपलं ते भांडण सुरू झालं, जे कधी संपलं नाही. मी म्हणालो, मॉडेल म्हणजे आत न बघता बोलायची सभ्य पद्धत आहे. माणूस बाजूला ठेवून आकड्याला विचारायचं. तू भाजी चिरत होतीस. सुरी न थांबवता म्हणालीस, "तुझं पत्रक बी मॉडेलच हाय. 'जनता' लिहितोस. सगळी जनता एक समजून. तुझी जनता सगळीकडं सारखी भिजती का रे?" मी आठवडाभर उत्तर शोधलं. नंतर एकदा सापडल्यासारखं वाटलं, पण तू कामात होतीस, राहून गेलं. ते उत्तर आता मला आठवतही नाही.

मॉडेलला प्रत्यक्षाशी जुळवून घ्यावं लागतं, हे तू मला नंतर सांगितलंस. पुस्तकातली सूत्रं नव्या कोऱ्या, स्वच्छ पॅकिंगवर बेतलेली असतात. कारखान्यातलं पॅकिंग तसं नसतं. म्हणून तू ओल्या जागेला एका आकड्यानं गुणायचीस. त्याला नाव दिलं होतंस, ओलाव्याचा गुणक. एक म्हणजे सगळं पॅकिंग भिजलेलं. आकडा जितका कमी, तितकी आत कोरडी जागा जास्त. दर महिन्याला कॉलममधल्या पाण्याच्या सॅम्पलचे लॅबमधले आकडे आणायचीस आणि गुणक जरासा हलवायचीस. स्क्रीनवर तुझ्या मॉडेलची रेघ आणि सॅम्पलचे ठिपके एकमेकांवर बसले की खुर्चीतूनच हाक यायची, "बसलं! चहा ठेव." मी चहा ठेवायचो. किती वेळा ठेवला असेल.

कारखान्यात रेघ आणि ठिपके यांच्यात फरक पडला तरच लाल दिवा लागायचा. ही सोय तूच करून दिली होतीस. आणि तो फरक दर महिन्याला तूच पुसत होतीस. हे लिहिताना मी शोधतोय ताई, पण यात वाईट हेतू असलेलं कोणीच सापडत नाही. माझ्या पत्रकांत नेहमी कोणीतरी सापडायचं.

रऊफभाई एकदा घरी आले होते, आठवतं? केदारखेड्याचे, त्या कॉलमवरचे सगळ्यात जुने ऑपरेटर. बशीतला चहा संपवून म्हणाले, "ताई, एकाच उंचीवर दोन थर्मामीटर हायेत. आमनेसामने. एक म्हंतो गरम, दुसरा म्हंतो गार. साहेबांनी गारवाल्याला खराब म्हनून चिठ्ठी लावली."

"खराबच असंल, रऊफभाई. जुना हाय तो."

"जुना तर मी बी हाय." ते हसले. "पर दोन भावांत भांडन झालं तर एकाला पागल ठरवून मोकळं व्हायचं का? आन् दुसरी गोष्ट. मी स्टीम वाढवून वाढवून थकलो. सॅम्पल बराबर येतो तो त्याच्यानं. व्हॉल्व आता जवळपास पुरा खुल्ला हाय. पुढं वाढवायला जागा न्हाई."

तू म्हणालीस, बघते. त्यांच्यासाठी दुसरा चहा ठेवायला सांगितलास. त्या महिन्यातही ठिपके रेघेवर बसले.

आपली खोली तिसऱ्या मजल्यावर. मी आलो तेव्हा तू बोलत बोलत वर यायचीस, मी मागं राहायचो. पुढं दुसऱ्या मजल्याच्या वळणावर थांबायला लागलीस, पर्समध्ये किल्ली शोधायला. मग पहिल्या मजल्यावरही थांबायचीस, फोन बघायला. एकदा तू वळणावर उभी राहून पर्स चाचपत होतीस आणि किल्ली तुझ्या उजव्या हातात होती. मी पाहिली. तू पाहिलंस की मी पाहिली. तू म्हणालीस, "ॲसिडिटी झाली रे जरा." मी म्हणालो, "हं." दोघंही वर गेलो. दुसऱ्या दिवसापासून ते दोन थांबे आपल्यासाठी नेहमीचे झाले. मी त्या जिन्याबद्दल एक शब्द बोललो नाही. जगातल्या प्रत्येक अन्यायाबद्दल दोन पानं लिहिणारा मी, त्या जिन्याबद्दल 'हं' म्हणालो. आता रोज तो जिना एकटा चढतो आणि त्या वळणावर पाय आपोआप थांबतात.

कारखाना वार्षिक दुरुस्तीसाठी बंद व्हायच्या आधी तुझ्या वरच्या साहेबांनी तुला विचारलं होतं, चालू झाल्यावर कॉलमवर लोड वाढवायचा आहे, म्हणजे तासाला जास्त पाणी सोडायचं आहे, मॉडेल काय म्हणतं? मॉडेल म्हणालं, झेपेल. तू सही केलीस. त्या सहीमुळं दुरुस्तीत पंप उघडले, पाइप बदलले, पण कॉलमला कोणी हात लावला नाही. गरजच नव्हती, कागदावर तसं होतं.

मग तो शनिवार. दुपारी तू जेवण झाल्यावर निळी वही घेऊन बसलीस. साहेबांना कसलासा तक्ता नव्यानं करून हवा होता, म्हणून तू सगळ्या महिन्यांचे गुणक पहिल्यांदाच एकाखाली एक लिहिलेस. इतके दिवस तू त्यातला फक्त शेवटचा बघायचीस. मी पलंगावर लोळत होतो. तुझा आवाज आला, नेहमीसारखा नव्हता.

"पत्रकराव, इकडं ये. हे बघ."

मी बघितलं. "खाली चाललेत."

"दर महिन्याला. एकदा बी वर न्हाई गेला. एकदा बी न्हाई." तुझं बोट त्या आकड्यांवरून खाली उतरत होतं. "मी याला दुरुस्ती म्हणत होते. हा ताप होता रे. ताप चढत गेला आन् मी थर्मामीटरवरची नॉर्मलची रेघ वर सरकवत गेले."

तू वर पाहिलंस तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की तुलाही भीती वाटते. मग तू भरभर सांगत सुटलीस, मला कळेल असं, जणू मला कळलं की काहीतरी वाचणार होतं. वरचा डिस्ट्रिब्युटर, म्हणजे आपल्या बाटलीतलं भोकांचं झाकण, बुजत चाललं असणार. पाणी एका कडेनं उतरतंय. म्हणून एक थर्मामीटर गरम, दुसरा गार. तो खराब नव्हताच. सॅम्पल मर्यादेत येतो तो रऊफभाईंच्या स्टीमवर, आणि आता स्टीम संपत आली. तशात लोड वाढला तर सॉल्व्हंट तळाच्या पाण्यात उतरणार, ते पाणी सांडपाण्याच्या टाकीत जाणार. त्या टाकीत गाळ काढायला माणसं उतरतात. टाकीशेजारी वेल्डिंग चालतं. सॉल्व्हंटची वाफ पेट घेते, आणि पेट घेतला नाही तरी आत उतरलेल्या माणसाला आडवं करते.

"मी पुढचा हिशोब करताना हाच शेवटचा गुणक कायम धरला," तू म्हणालीस. "तो कायम कसा राह्यल? त्याला खाली जायची सवय हाय."

तू मला कागद दिलास. "पत्र लिहायचंय. साहेबाला बी कळंल आन् शिफ्टच्या माणसांना बी कळंल असं. तू लिही, मी सांगते तसं."

मी तू सांगितलंस तसं लिहिलं नाही. दोन पानं लिहिली. 'नफ्याच्या आंधळ्या हव्यासापोटी कामगारांच्या जिवाशी चाललेला हा निर्घृण खेळ' अशी सुरुवात. मला ती आवडली होती. खरं सांगतो, लिहिताना मला आनंद झाला होता. तुझ्या तोंडावर भीती होती आणि मला मजकूर मिळाला होता.

तू वाचलंस. पेन्सिल काढलीस आणि पहिल्याच ओळीतल्या एका शब्दाभोवती गोल केलास.

"हव्यास कुठंय यात? चूक माझी हाय. माझं नाव लिही."

"ताई, तू स्वतःवर घेतलंस की ते सगळे सुटतात."

"मी कोणाला पकडायला न्हाई चालले. झाकण उघडायला चालले." तू कागद माझ्यापुढं सरकवलास. "हे वाचून साहेब वकिलाला फोन करंल. मला पाह्यजे की त्यानं फिटरला करावा."

मी ऐकायला हवं होतं. मी म्हणालो, "तुला तुझ्या नोकरीची भीती वाटते, असं सरळ सांग ना."

"भीती वाटती," तू म्हणालीस. "पर तुला वाटती ती न्हाई."

मग पेन्सिल परत कानामागं ठेवलीस. चेहरा थकलेला होता. "जाऊ दे. सोमवारी मीच जाते, समोर बसून सांगते. त्याच्या आधी नीट लिहू. चार ओळी. बिलकुल चार."

रविवारी दुपारी हृदयविकाराच्या झटक्यानं तू गेलीस. ते सगळ्यांना माहीत आहे, मी परत सांगत नाही.

मला जे कोणाला माहीत नाही ते सांगायचं आहे. त्या शनिवारी मी चार ओळी लिहिल्या असत्या तर त्याखाली तुझी सही असती. आज ती माझ्या हातात असती. मी एक विशेषण सोडायला तयार नव्हतो, म्हणून ती नाही. लोक म्हणतात, जे व्हायचं ते झालं. जे झालं त्याबद्दल मी रडतो, ते वेगळं. मला भीती आहे ती अजून न झालेल्याची.

तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी मी वही घेऊन कारखान्याच्या गेटवर गेलो. साहेब स्वतः बाहेर आले, वॉचमनच्या केबिनमध्ये मला खुर्ची दिली, पाणी दिलं. तुझ्याबद्दल बोलताना त्यांचे डोळे भरले, ते खोटं नव्हतं. मी वहीतलं पान दाखवलं. त्यांनी चष्मा लावून पाहिलं.

"तुम्ही इंजिनियर आहात का?"

"नाही."

"मग हे आकडे कशाचे आहेत, नक्की सांगता येईल?"

मी सांगितलं. अडखळत, पण सांगितलं. बाटलीचंही सांगितलं. ते शांतपणे म्हणाले, "कॉलम उघडायचा म्हणजे आधी धुवायचा, पूर्ण थंड करायचा, आतली हवा तपासायची, मगच मॅनहोल खोलायचं. चालू करायची तारीख पुढं जाते. आणि मॉडेल तर जुळतंय. शैलाताईंचंच मॉडेल आहे." मग त्यांनी माझ्याकडं पाहिलं. "तुमचा त्यांच्यावर विश्वास नाही का?"

ताई, हे मला कोणत्याही शिवीपेक्षा जास्त लागलं. मी काय बोलणार होतो? विश्वास आहे म्हटलं तर यंत्र चालू होतं. नाही म्हटलं तर तू खोटी ठरतेस. वही कंपनीची आहे खरं तर, असंही ते म्हणाले. मी ती उचलली, शर्टात घातली आणि निघालो. रस्त्याला लागेपर्यंत कोणी मागून हाक मारेल असं वाटत राहिलं.

घरी येऊन मी पत्रक लिहायला बसलो. दुसरं काय येतं मला? मथळा लिहिला, पुढं तीन उद्गारचिन्हं दिली, आणि पेन्सिल आठवली. फाडलं. दुसरं लिहिलं, तेही फाडलं. संध्याकाळ व्हायच्या आत चार ओळी झाल्या. इथं देतो, तू वाच:

'वाढीव लोडसाठी शैलाताईंनी दिलेला हिशोब मरणाच्या आदल्या दिवशी त्यांनी स्वतः चुकीचा ठरवला होता. त्यांच्या वहीत ओलाव्याचा गुणक दर महिन्याला खाली गेलेला दिसतो, ते पान सोबत जोडलं आहे. वरच्या डिस्ट्रिब्युटरची भोकं बुजली असावीत; खात्री नाही, कारण कोणी उघडून पाहिलेलं नाही. कॉलम धुऊन, थंड करून, आतली हवा तपासून, डिस्ट्रिब्युटर डोळ्यांनी पाहिल्याशिवाय चालू करू नये.'

'खात्री नाही.' मी आजवर लिहिलेले सगळ्यात अवघड शब्द. खाली माझी सही आहे, आणि पुढं लिहिलंय, मामेभाऊ, इंजिनियर नाही. एक प्रत साहेबांना दिली, पोच घेतली. एक प्रत कारखाने तपासणाऱ्या सरकारी कार्यालयात. अजून दोन्हीकडून उत्तर नाही.

तिसरी प्रत आणि सिंकखालची ती बाटली मी रऊफभाईंकडं दिली. झाकणाच्या भोकांतली कणीक दगडासारखी झाली होती. काल दुपारी जेवणाच्या सुट्टीत त्यांनी ती कॅन्टीनच्या टेबलावर ठेवली आणि तांब्यातलं पाणी ओतलं. मला फोन करून सांगितलं, "भैया, सगळ्या शिफ्टनं पाह्यलं. कोणी हसलं न्हाई. एक जन म्हनला, हे तर आमच्या घरच्या शॉवरवानी झालंय, क्षार बसून. मंग समद्यांना कळलं."

"मग काय ठरलं?"

"ठरलं काई न्हाई. ज्याला त्याला घर हाय. मी गुरुवारी व्हॉल्वपाशी उभा राह्यन. पर हात लावायच्या आधी इचारीन, आत कोणी बघितलं? एवढं तर मला इचारता येतं."

"आणि त्यांनी म्हटलं, चालू करा, तर?"

"तवाचं तवा बघू," ते म्हणाले. "भ्या वाटून राह्यलं, भैया. खोटं कशाला बोलू."

मलाही वाटून राहिलंय. फोन वाजला की वाटतं, गुरुवार आजच आला. आणि एक दुसरी, लाज वाटावी अशी भीतीही आहे. त्यांनी उघडलंच आणि भोकं स्वच्छ निघाली तर? थर्मामीटर खरंच खराब असला तर? तुझ्या नावाला लोक हसतील, आणि हसायला मीच लावलं असेल. मी हे मनातल्या मनात तुला विचारलं. तू भाजी चिरत होतीस. सुरी न थांबवता म्हणालीस, "मंग चांगलंच न्हाई का?"

तुझी भीती ती होती. मला आत्ता कळली. तुला चुकीचं ठरायचं भय नव्हतं. भय होतं ते चूक झाकलेली राहण्याचं. तू जिवंत असताना हे कळलं असतं, तर त्या शनिवारी मी तुझ्यापुढं कागद सरळ करून, गप्प बसून, तू सांगशील तेवढंच लिहिलं असतं. तू मला दोन वर्षं खोली दिलीस, ताट दिलंस, आणि माझ्या प्रत्येक ओळीतला फुगारा काढून टाकलास. बदल्यात मी तुझं एक पत्र वेळेवर लिहून देऊ शकलो नाही. हे त्या पत्राऐवजी आहे. चार ओळींपेक्षा लांब झालंय. पेन्सिल फिरव.

वाचणाऱ्यांनो, तुमच्याशी बोलून थांबतो. जालना काय किंवा आणखी कुठलं गाव काय, तुमच्या ओळखीचं कोणीतरी कॉलमवर, बॉयलरवर किंवा टाकीवर कामाला असेल. हा कागद खाली ठेवायच्या आधी त्याला फोन लावा. एकच विचारा: तुझ्या यंत्राच्या आत शेवटचं कोणी डोळ्यांनी पाहिलं? 'कॉम्प्युटरवर बरोबर दिसतंय' हे उत्तर घेऊ नका. माणसाचं नाव मागा. नाव मिळालं नाही तर त्याला सांगा की त्यानंही तेच वरच्याला विचारावं, आणि नाव मिळेपर्यंत हात लावू नये. आणि तो बोलता बोलता जिना चढत असेल, मध्येच थांबला असेल, 'जरा किल्ली शोधतोय' म्हणाला असेल, तर फोन ठेवू नका.